आत्याबाईंची वही

परोपकाराची हौस एकदां जडली म्हणजे उपकार करून घेण्यास राजी असा मनुष्य सांपडेपर्यंत चैन पडत नाहीं. आमची ही हौस संगणकापुरती आहे. बारा वर्षें आम्ही लिनक्स वापरीत आलों आहों, आणि विंडोज वापरणारा कोणी आप्त भेटला कीं, हरदासास श्रोता भेटल्याचा आनंद आम्हांस होतो.

ऑक्टोबर २०२५ मध्यें ही संधि घरांतच चालून आली. त्या महिन्याच्या १४ तारखेस विंडोजच्या दहाव्या आवृत्तीची नित्याची देखभाल संपली. अकरावी आवृत्ति हवी तर यंत्रांत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व बराच अलीकडचा प्रोसेसर लागतो. आमच्या आत्याबाईंचें यंत्र दहा वर्षांचें. प्रकृतीनें ठणठणीत, पण या परीक्षेंत नापास. नवें घेण्याचा सल्ला त्यांच्या मुलानें दिला. "चालतं आहे तें टाकायचं कशाला?" असें त्या म्हणाल्याचें कानीं येतांच आम्ही पेनड्राइव्ह खिशांत घालून निघालों.

आधीं अर्थातच कीर्तन झालें. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें हौसेखातर हें काम आरंभिलें, त्याचा स्रोत कोणासही पाहतां-बदलतां येतो, वगैरे. आत्याबाईंनीं सर्व ऐकून घेतलें व विचारलें, "माझं लिहिलेलं तसंच राहील ना रे?" आम्हीं बेधडक होय म्हटलें. फाइली उतरवून घेतल्या, जुनी प्रणाली पुसली. तासाभरांत लिनक्स मिंट सुरू झालें.

टेबलावर त्यांची एक वही असे. 'खालीं डावीकडे चार चौकटींचें चित्र, एकदां दाबणें. निळा डब्ल्यू, दोनदां दाबणें.' अशा सुवाच्य अक्षरांत सहा वर्षांची विद्या तींत सांठविलेली होती. तो निळा डब्ल्यू आतां कोठेंच नव्हता. आम्हांस ही गोष्ट क्षुल्लक वाटली, हें येथें कबूल केलें पाहिजे.

मग त्यांनीं आपल्या माहेरच्या आठवणींची फाइल उघडली. एकशेवीस पानें, आणि पडद्यावर रोमन अक्षरें, कंस व उद्गारचिन्हें यांचा नुसता चिवडा! लेखन जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत होतें. त्या पद्धतींत फाइलींत सांठतात ते रोमन अक्षरांचेच संकेत. वर देवनागरीचा मुखवटा चढवितो तो टंक. आणि तो टंक विंडोजच्या पोटांत होता, जें आम्हीं नुकतेंच पुसलें होतें. आत्याबाई रागावल्या नाहींत. चष्मा पुसून त्यांनीं पुन्हां पाहिलें व म्हणाल्या, "हें मी लिहिलेलं?" त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं.

तिसऱ्या दिवशीं, पूर्वीं त्यांची एक पुस्तिका ज्यांनीं छापली होती त्या छापखानदारांकडे तो टंक मिळाला. तो लिनक्सच्या टंकसंग्रहांत ठेवतांच आठवणी परत आल्या. पण त्या टंकांत लिहिण्याचा जुना प्रोग्रॅम विंडोजपुरताच होता. लिनक्सवर तो चालेना.

खरें तर फायरफॉक्स व लिबरऑफिस हीं दोन्ही विंडोजवरही चालतात. आधीं तींच महिना दोन महिने वापरावयास द्यावीं, टंक व छपाईयंत्र तपासावें, पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून पाहावें, आणि जुनी प्रणाली पुसावयाची ती अगदीं अखेरीस. आम्हांस हा क्रम ठाऊक होता. तरी तो पाळला नाहीं, कारण आम्हांस लिनक्स दाखवावयाचें होतें. आत्याबाईंना लिहावयाचें होतें.

आतां त्या इन्स्क्रिप्ट शिकत आहेत: स्वर डाव्या हाताला, व्यंजनें उजव्या हाताला. जुनीं पानें पुन्हां लिहून काढतांना त्या वाक्यें बदलतात, एका चुलत्याविषयीं तर पुष्कळच सौम्य झाल्या आहेत. वही नवी घातली आहे. काल रात्रीं फोन आला, रफार कोठें आहे म्हणून. आधीं र, मग हलंत, मग पुढचें अक्षर, असें आम्हीं सांगितलें.

"हातानं लिहितांना तो शेवटीं देतों कीं रे, मग इथं आधीं कां?"

आम्ही उच्चाराचा क्रम समजावूं लागलों, तोंच त्या म्हणाल्या, "थांब, पेन घेतें."