बॅटरसीचं आसराघर

लंडनला गेलात तर राजवाडे, संग्रहालयं पाहालच. पण थेम्सच्या दक्षिण काठावर, जुन्या वीजकेंद्राच्या चार धुराड्यांजवळचं बॅटरसीचं कुत्र्यांचं आसराघर बाहेरून तरी पाहून या.

१८६० साली मेरी टील्बी या बाईंनी हॉलोवे भागात हरवलेल्या, उपाशी कुत्र्यांसाठी ते उघडलं. गरीब माणसं समोर असताना कुत्र्यांचं कौतुक कशाला, म्हणून त्यांची टिंगल झाली. १८६२ मध्ये चार्ल्स डिकन्सच्या नियतकालिकातल्या एका लेखाने या कामाची बाजू घेतली. टील्बीबाई १८६५ मध्ये गेल्या, काम मात्र टिकलं. १८७१ मध्ये ते बॅटरसीला आलं.

इथूनच २०११ मध्ये बेथ नावाचं जॅक रसेल जातीचं पिल्लू कॅमिला यांच्या घरी गेलं. पुढल्या वर्षी ब्लूबेल आली. २०२३ च्या राज्याभिषेकात राणीच्या पोशाखावर या दोघी सोनेरी धाग्यांनी भरलेल्या होत्या! नोव्हेंबर २०२४ मध्ये बेथ गेली.

आपल्याकडे कुणी असा पोशाख शिवत नाही. खुंटीवरचा गळपट्टा मात्र काढवत नाही, आणि उरलेली पोळी हातात घेतली की पाऊल आपोआप दाराकडे वळतं. बॅटरसीतून आजही कुत्री नव्या घरी जातात. आपल्या गावातही एखादं आसराघर असेल, तिथे कुणीतरी वाट पाहत असेल.