झाकण कोरं ठेवा, प्लीज!

संडे म्हणजे मस्त लोळणं, हा आपल्या सगळ्यांचाच अलिखित नियम. पण महिन्यातला एक संडे मी सध्या 'मेमरी बॉक्स' रंगवते. कॅन्सरशी झुंजणाऱ्या चिल्लर पार्टीसाठी.

परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ सालचं. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं तिथे येतात. ब्लड कॅन्सरची ट्रीटमेंट दोन-तीन वर्षंही चालते. तेवढ्यात घर सुटतं, शाळा सुटते. गोळी कधी, सुई कधी, सगळं मोठेच ठरवणार. अशा वेळी हक्काचा एक बॉक्स तरी हवाच ना!

आमचे रूल्स एकदम कडक. चमकी नको, पिसं नकोत, लोकर नको. केमोमुळे प्रतिकारशक्ती घटते, म्हणून बॉक्स पुसता यायला हवा. आणि झाकण कोरंच! प्रत्येक स्लाइड खच्चून भरणाऱ्या आपल्या हातांना हे भलतंच जड जातं. पण तिथे काय काढायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

एका मुलीने म्हणे बॉक्समध्ये हेअरक्लिप्स जपून ठेवल्यात. केमोत केस गेलेत. पण ते परत येतात, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

तर मंडळी, ब्रश उचला, चारही बाजू रंगवा. झाकण तेवढं तिच्यासाठी सोडा.