साखरेचीं झाडें

वृक्षाचीं फळें खावीं, छायेस बसावें, हें आम्ही जाणून होतों. परंतु खोडापानांसह वृक्षच खावा, हा प्रकार आमच्या धाकट्या बंधूंच्या नातीनें आम्हांस प्रथम दाखविला. हल्लीं समारंभाच्या केकवर नुसतीं फुलें काढून भागत नाहीं. त्यावर उभें झाड लागतें, आणि तें झाड सर्वस्वीं खाद्य असावें अशी अट असते.

कोणी यास परकी खूळ म्हणतील. त्यांस आमचें सांगणें इतकेंच, कीं 'शर्करा' हा शब्द आपला; त्याचा मूळ अर्थ खडे, रेती. तोच फारशी-अरबी मुखांतून फिरत युरोपांत 'शुगर' झाला, आणि 'खंड' याचें 'कँडी' झालें. फ्रान्समध्यें कारेम नांवाचा विख्यात पाककार (मृत्यु १८३३) पॅरिसच्या ग्रंथालयांत बसून प्राचीन वास्तूंचीं चित्रें अभ्यासी, आणि तशीं मंदिरें साखरेच्या व बदामाच्या लगद्यांतून उभारी; अशा रचनांचा त्याचा सचित्र ग्रंथ १८१५ सालीं निघाला. आपल्या घरच्या स्त्रियांनीं खसखशीच्या दाण्यावर मंद आंचेनें पाकाचे थेंब देत कांटेरी हलवा फुलविला, आणि त्याचे हार-बाजूबंद ओवून नव्या सुनेस संक्रांतीला घातले. साधनें निराळीं, हौस एकच.

देवदारासारखें झाड सोपें. आइस्क्रीमचा वेफरचा कोन पालथा ठेवावा, व पानाच्या आकाराच्या तोंडाच्या नळींतून हिरवें आयसिंग तळापासून वर ओळीओळीनें सोडावें, म्हणजे झालें. आंब्याचें तसें नाहीं. त्यास पसारा हवा, आणि पसारा म्हणजे वजन. केक तर मऊ. म्हणून झाडाच्या जागीं केकच्या पोटांत जाड नळ्या रोवून त्यांवर पुठ्ठ्याची चकती बसवितात. भार नळ्यांवर पडतो व केक दबत नाहीं.

खोड बिस्किटाचें. त्यावर चॉकलेटचा थर देऊन, तो घट्ट होत असतां कांट्यानें सालीच्या रेघा ओढावयाच्या. पर्णभारासाठीं पाश्चात्त्य लोक कुरमुऱ्यांसारखे तांदळाचे फुलविलेले दाणे मार्शमॅलोंत वळतात. त्यांत बहुधा जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांचा अंश, असतो. आमच्या मुलीनें गुळाचा पाक करून सरळ कुरमुऱ्यांचा लाडू वळला. हलका आणि भक्कम. पिठीसाखरेंत कतिरा डिंक मळून, पातळ लाटून पानें कापलीं व दोन दिवस वाळविलीं. मोहोराच्या आयसिंगास अंड्याचा पांढरा भाग लागतो. त्याऐवजीं काबुली चणे शिजविलेलें दाट पाणी घुसळून फेस केला. ही युक्ति झोएल रोसेल या फ्रेंच गृहस्थांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केली.

ऋतूचाही विचार हवा. पावसाळ्यांत साखर हवेंतील ओल शोषते आणि पानें माना टाकतात. चॉकलेटांतील कोकोचें लोणी सुमारें ३४ अंशांवर वितळतें, म्हणून चैत्र-वैशाखही नको. थंडीचे दिवस उत्तम.

गेल्या माघांत आमच्या वडील वहिनींचें सहस्रचंद्रदर्शन झालें. त्यांच्या सासूबाईंनीं, म्हणजे आमच्या मातोश्रींनीं, वाड्याच्या परसांत लावलेला आंबा वाडा पाडतेवेळीं गेला. तेव्हांपासून वहिनींनीं त्या झाडाचें नांव काढलेलें कोणीं ऐकलें नव्हतें. नातीनें तोच आंबा केकवर उभा करावयाचें योजिलें, तेव्हां घरांत दोन तट पडले. "मंगल दिवशीं म्हातारीस रडवूं नका," असें अर्ध्या घराचें म्हणणें. निवाडा आमच्याकडे आला. ज्याचें नांव घेतलें जात नाहीं तें विसरलेलें असतेंच असें नाहीं, हें जाणून आम्हीं मुलीस संमति दिली. पण त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं.

औक्षण झालें. निरांजन विझवावयाचें नसतें, म्हणून मेणबत्त्या नव्हत्याच. केक पुढें आला. वहिनींनीं चष्मा पुसून तो पुन्हां लावला आणि बराच वेळ पाहिलें. मग म्हणाल्या, "भावजी, दक्षिणेकडची फांदी कोठें आहे? तिच्यावरच ना तुमचा झोपाळा होता?"

मुलगी उठली. उरलेला लाडू व चॉकलेट आणून तिनें वहिनी सांगतील तेथें फांदी बसविली. मग कैरीच्या लोणच्याच्या बरण्या, वानरांचा उपद्रव, सासूबाईंनीं ओंजळींतून घातलेलें पाणी, असें एकामागून एक निघालें. डोळे भरले, पण बोलणें थांबलें नाहीं. पानें कोवळ्या हातांत वांटतांना त्या प्रत्येक मुलास सांगत होत्या, कीं खरीं पानें चावलीं असतां तुरट लागत.

अर्ध्या घटकेंत झाड संपलें. ज्यांच्या घरचें एखादें झाड असेंच गेलें असेल, त्यांनीं हा खटाटोप एकदां अवश्य करावा. मात्र फांद्या कोठें कोठें होत्या, हें आधीं वडील माणसांस विचारून घ्यावें. पाक मागाहून चढवावा.