नावातली गोम

पुरोहितदीक्षेनंतरची माझी ती पहिलीच वर्षे. धर्मशिक्षणाच्या वर्गात उत्पत्तीचा पाठ शिकवताना मी सेमिनरीतल्या विद्वत्तेच्या थाटात सांगून गेलो, ‘‘गाय चतुष्पाद, भुंगा षट्पद आणि गोम शतपाद, तिला शंभर पाय!’’ पुढच्या रविवारी एका मुलाने आगपेटीतून मेलेली गोम आणली. ‘‘फादर, बेचाळीसच आहेत.’’ वर्ग हसला. ‘‘बाकीचे गळून पडले असतील,’’ असे म्हणून मी त्याला खाली बसवले.

पुढे वाचनात आले की आपल्याकडच्या मोठ्या गोमेला पायांच्या २१ जोड्याच असतात. जातीपरत्वे त्या १५ पासून १९१ पर्यंत. पण विरळा अपवाद सोडला तर विषमच. शंभर पायांना ५० जोड्या लागतात, म्हणजे गणित जुळायचेच नाही! सहस्रपादाचीही तीच कथा. पावसात वेटोळे करून पडणारा तो किडा, ज्याला कुठे वाणी तर कुठे पैसा म्हणतात. २०२१ साली ऑस्ट्रेलियातील एका जातीत १३०६ पाय मोजले गेले, तेव्हा कुठे ते भारदस्त नाव खरे ठरले. आमची आजी नुसते ‘गोम’ म्हणे. पाय मोजण्याच्या भानगडीत ती कधी पडली नाही.

गेल्या पावसाळ्यात तोच मुलगा आपल्या लेकीच्या स्नानसंस्काराची नोंद करायला आला. वही मिटत मी म्हटले, ‘‘अरे, बेचाळीसच होते.’’

तो क्षणभर थांबला. म्हणाला, ‘‘फादर, मी तीनदा मोजले होते.’’