बल्लारपूरची भाऊबीज

गाडी एकदा बंद पडली तर दोष नशिबाचा, दुसऱ्यांदा पडली तर रस्त्याचा आणि तिसऱ्यांदा पडली तर बायकोचा, असा आम्हां नवरेमंडळींचा क्रम असतो. गेल्या भाऊबीजेला बल्लारपुरात मी या तिसऱ्या पायरीवर उभा होतो.

बहिणीकडे जायचे म्हणून नागपूरहून पहाटेच आलापल्लीला निघालो होतो. गाडी आमची जुनी मारुती आठशे. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण आमच्या घरातले तिचे स्थान अढळ आहे. दसऱ्याच्या सुमारास इंजिन उतरवून दुरुस्त करून घेतले आणि तेव्हापासून क्लचच्या दोन केबली तुटल्या. "तुझा पाय सारखा क्लचवर असतो," असे मी सौ.ला दोन्ही वेळा सुनावले. "गाडी सुरू करताना जळका वास येतो," असे तीही दोन्ही वेळा म्हणाली. मी नवी केबल टाकली आणि एक जादा घेऊन डिकीत ठेवली. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

बल्लारपुरात चहा घेऊन निघताना क्लचचे पेडल आधी जड झाले आणि मग एकदम खाली टेकले. पुढे गोंडपिपरी, आष्टी असा शंभरएक किलोमीटरचा रानातला रस्ता! पोरांनी गाडी ढकलत एका मिस्त्रींच्या दारात नेली. साठीचे गृहस्थ, अंगात नवा सदरा. "बहिणीचं ओवाळणं होऊ द्या जी, मंग पाहतो," म्हणाले.

तोवर वर्धा नदीच्या काठचा किल्ला पाहून आलो. खाली नदीचे रुंद पात्र, मागे गाव. या गावाचा संसार रानावर आणि जमिनीच्या पोटावर चालत आला आहे. बांबूचा कागद झाला, कोळसा निघाला, आणि सागवान तर दूरदूर गेले. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली लाकूड इथूनच रवाना झाले.

इथे एके काळी गोंड राजांची राजधानी होती. राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगभर फोड उठत आणि कोणत्याच औषधाने बरे होत नसत. दंतकथा अशी, की शिकारीत तहानेलेल्या राजाने झरपटीच्या कोरड्या पात्रातल्या एका झऱ्यावर हातपाय धुतले. दुसऱ्या सकाळी फोड ओसरल्याचे राणीच्या ध्यानात आले. तिने झऱ्याचा शोध घ्यायला लावला, तिथे अचलेश्वराचे देऊळ झाले आणि जवळच चंद्रपूर वसले. सौ. ही कथा जरा जास्तच लक्ष देऊन ऐकत होती.

परतलो तेव्हा मिस्त्रींनी तुटकी केबल काढून ठेवली होती. तिच्या आतले प्लॅस्टिक वितळून तारेला चिकटले होते. "हे तुटली नाही जी, जळली," ते म्हणाले. "सुरू करताना वास येते काय?"

मी गप्प. सौ. म्हणाली, "रोज येतो."

नवी केबल चढवून तिच्यावर हात ठेवत त्यांनी सौ.ला सेल्फ मारायला सांगितले. सेल्फ कण्हत फिरला आणि मिस्त्रींनी हात झटकन मागे घेतला. मग बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनापर्यंत एक जाड वायर धरली. आता तोच सेल्फ खणखणीत फिरला, केबल मात्र गार!

प्रकार असा होता. सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर वीज लागते. ती इंजिनातून एका जाड अर्थिंगच्या वायरीने बॅटरीकडे परतते. इंजिन रबरी आधारांवर बसलेले, म्हणून ही वायर नसली तर वीज दुसरी धातूची वाट शोधते. आमच्या गाडीत ती वाट क्लचच्या केबलीची होती. दर वेळी बिचारी तापत होती. दसऱ्याला इंजिन परत बसवणारे ती वायर जोडायचीच विसरले होते.

मिस्त्रींनी जाड वायरीचा तुकडा कापला, टोकांना चकत्या दाबल्या, बॉडीवरचा गंज घासून लखलखीत पत्रा काढला आणि बोल्ट आवळला. अर्ध्या तासाचे काम. "केबल बदलणारे लय आहेत जी," ते म्हणाले, "पण ते कायले जळते, हे कोणी पाहात नाही."

पुढे आलापल्लीपर्यंत गाडी सौ.ने चालवली. मी काही बोललो नाही. दिवेलागणीला पोहोचलो तेव्हा बहीण तबक घेऊन अंगणातच उभी होती.

"इतका उशीर? कुणामुळे?"

"माझ्यामुळे," मी म्हणालो आणि पाटावर बसलो.