रोजमेळातील चूक

दिवाळे गावात आमच्या दादांचे किराणा दुकान आहे. खाडीवरून परतलेल्या कोळी कुटुंबांची उधारी सांभाळूनही त्यांचा रोजमेळ कधी पैशाने चुकला नाही. गेल्या श्रावणात ते स्टुलावरून घसरले आणि डोके शटरवर आपटले. जखम दिसत नव्हती. “काही होत नाही,” असे मीच म्हणालो.

तीन आठवड्यांनी सहज रोजमेळ चाळला, तर बेरजा चुकलेल्या आणि जमेच्या रकमा नावे पडलेल्या. बोलतानाही दादा शब्द शोधत होते. बँकेत उभे आयुष्य गेलेल्या मला शंका आली. त्याच दुपारी त्यांच्या डोक्याचा सी.टी. स्कॅन केला.

संगणकाने चित्रात दोन ठिकाणी खुणा केल्या होत्या. डॉक्टरांनी समजावले, “ताजे रक्त स्कॅनमध्ये पांढरे दिसते. दोन-तीन आठवड्यांत ते मेंदूच्याच करड्या छटेत मिसळते आणि नजरेतून निसटू शकते.” डाव्या बाजूची खूण खरी ठरली, तेथे रक्त साचले होते. दुसरी खूण मात्र कॅल्शियमच्या जुन्या साठ्याची आहे, असे सांगून त्यांनी ती खोडली.

पुढे कुतूहलाने वाचन केले. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीच्या संशोधकांनी अशा प्रणालीवरील अभ्यास २०१८ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यासाठी भारतातील केंद्रांतून ३,१३,३१८ स्कॅन जमवले होते. पडताळणीच्या ४९१ स्कॅनवर तीन तज्ज्ञांची स्वतंत्र मते घेऊन बहुमत प्रमाण मानले. तातडीचा रुग्ण तपासणीच्या यादीत वर यावा, हा अशा प्रणालीचा मोठा उपयोग.

आमच्या बँकेत व्हाउचर एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, असा दंडक होता. संगणकाची खूण आणि डॉक्टरांची सही यांचे नाते मला तसेच वाटले. अंतिम जबाबदारी सही करणाऱ्याचीच.

कवटीला छिद्र पाडून रक्त काढले. दादा आता पुन्हा गल्ल्यावर बसतात, बेरजाही जुळतात. वाचकहो, साठीनंतर डोक्याला मार लागला, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. संगणक स्कॅन वाचतो, परंतु रुग्णाला तेथवर घरच्यांनीच न्यावे लागते. आमचे तीन आठवडे माझ्या एका वाक्यामुळे गेले, ही नोंद माझ्या खात्यावर कायम आहे.