आजीचा प्रश्न

"वारा काय डोळ्यांनी दिसतो का रे?" आजीच्या या प्रश्नाने मला रडारपर्यंत नेले. मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीलाच सुटलेला. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा मला सारे ठाऊक असलेच पाहिजे! निमूटपणे ग्रंथालय गाठले.

उत्तर मात्र आजीच्या ओळखीचेच निघाले. धुक्यात किनारा दिसेनासा झाला की आजोबा होडीतून कुकारा घालत आणि कड्यावरून आवाज परतायला किती वेळ लागतो, यावरून अंतर ताडत. रडारही हेच करते; फक्त कुकारा रेडिओलहरींचा. लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते. ती एका मायक्रोसेकंदात जाऊन परतली, तर वस्तू १५० मीटरवर! विमानतळावरचे रडार विमाने शोधते, जहाजावरचे किनारा आणि इतर जहाजे. डॉप्लर रडारला याहून थोडे अधिक कळते. जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरीची वारंवारता वाढते, दूर जाणाऱ्या वस्तूवरून घटते. पावसाचे थेंब वाऱ्याबरोबर वाहतात. थेंबांचा वेग कळला की वारा कळला.

"म्हणजे वारा नाही, वाऱ्यानं नेलेला पाऊस दिसतो," आजी म्हणाली. इतक्या थोडक्यात मला सांगता आले नसते.

मग तिने खरा प्रश्न विचारला. "तुझ्या काकाच्या वेळी होतं का हे?"

नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात काका समुद्रावरून परतले नाहीत. मुंबईत कुलाब्याला डॉप्लर रडार आले २०१० साली. पण एवढे सांगून मला थांबवेना. काकांच्या होडीवर बिनतारी यंत्र नव्हते. किनाऱ्यावर कुणाला दिसले असते, तरी त्यांना कळवणार कसे?

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले, तेव्हा मी शाळेत होतो. उपग्रह आणि रडार, दोन्हींची नजर त्याच्यावर होती. इशाऱ्याचा छापील भाषेतला मजकूर मीच घरात आमच्या बोलीत समजावून सांगितला. बाबांनी होडी आणखी वर ओढून बांधली, आजीला शाळेच्या पक्क्या इमारतीत नेले. घराचे छप्पर गेले; माणसे राहिली.

बाबा अधूनमधून विचारतात, "बी. ए. होऊन करणार काय?" मला अजून उत्तर सुचलेले नाही. परवा मात्र माझ्या आधी आजीच बोलली, "घरात एक वाचणारा लागतो."